घरातला सर्व्हर, सावित्रीचं खोरं

तालुक्याच्या गावी छापखाना असतो आणि छापखान्याच्या कोपऱ्यात एक म्हातारा संगणक असतो. त्यावर विंडोज एक्सपी, त्यात पेजमेकर आणि पेजमेकरमध्ये श्रीलिपीचे किंवा सी-डॅकच्या आयएसएमचे फाँट. वीस-पंचवीस वर्षांच्या लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, निवडणुकीची पत्रकं, सगळं त्यात साठलेलं. ही फाइल आजच्या संगणकावर उघडली तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. ते फाँट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर त्यांनी मराठी अक्षरं बसवलेली असतात. तो फाँट आणि ते सॉफ्टवेअर असेल तरच मजकूर वाचता येतो.

मायक्रोसॉफ्टनं एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. छापखानेवाल्याला त्याचं सोयरसुतक नसतं. पत्रिका छापून निघते ना, मग झालं. अडचण येते ती एसएमपीएस जळतो आणि जाताना मदरबोर्डलाही घेऊन जातो तेव्हा. त्या मदरबोर्डला जोड मिळत नाही आणि नव्या मदरबोर्डवर एक्सपी नीट चढत नाही.

यावर एक उपाय आहे आणि तो यंत्र जिवंत असतानाच करायचा असतो. त्या संगणकाच्या हार्ड डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा काढायची, ती एका नव्या यंत्रात फाइल म्हणून ठेवायची आणि त्या फाइलीतून एक्सपी पुन्हा सुरू करायची. लोखंड भंगारात जातं, संगणक राहतो. अशा संगणकाला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. रोजच्या बोलण्यात नुसतं व्हीएम.

संगणक म्हणजे प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि नेटवर्क कार्ड. या चौघांचं सोंग सॉफ्टवेअरला हुबेहूब वठवता आलं, तर आत चालणाऱ्या विंडोजला किंवा लिनक्सला आपण खऱ्या लोखंडावर नाही हे कळायचं कारणच उरत नाही. सोंग वठवणाऱ्या या सॉफ्टवेअरला हायपरवायझर म्हणतात. जुन्या वाड्यात मालक एक आणि बिऱ्हाडं पाच, तसा हा प्रकार. प्रत्येक बिऱ्हाडाचं दार वेगळं, चूल वेगळी; एकाच्या घरात भांडण झालं तरी शेजाऱ्याचा स्वयंपाक अडत नाही. खालची जमीन आणि विहीर मात्र सगळ्यांची एकच.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या केंब्रिजला आयबीएमच्या वैज्ञानिक केंद्रात १९६०च्या दशकात सीपी-४० नावाची प्रणाली तयार झाली. एका अवाढव्य यंत्राचे तुकडे करून प्रत्येक वापरणाऱ्याला स्वतःचा पूर्ण संगणक असल्याचा भास देणं हा तिचा हेतू होता. पुढे १९७२ मध्ये आयबीएमनं व्हीएम/३७० बाजारात आणलं. दोन वर्षांनी जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एका शोधनिबंधात प्रोसेसर आभासी करता येण्यासाठी कोणत्या अटी पाळायला हव्यात ते नेमकेपणानं मांडलं. घराघरांत पोचलेल्या इंटेलच्या प्रोसेसरनं नेमक्या त्याच अटी मोडल्या होत्या. काही आज्ञा अशा होत्या, की अधिकार नसताना दिल्या तर प्रोसेसर तक्रार न करता त्या गुपचूप गिळून टाकायचा. तक्रारच आली नाही, तर हायपरवायझर मध्ये पडणार कसा?

१९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरनं यातून वाट काढली: अडचणीच्या आज्ञा चालण्यापूर्वीच पकडायच्या आणि त्यांच्या जागी बिनधोक आज्ञा घालायच्या. १९९९ मध्ये त्यांचं पहिलं उत्पादन आलं. नंतर २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोघांनी प्रोसेसरमध्येच त्यासाठी सोय केली आणि त्या सोयीवर उभं राहिलेलं केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात सामील झालं. ते लिहिणारे अवी किविटी तेव्हा क्युमरानेट या इस्रायली कंपनीत होते; पुढच्याच वर्षी रेड हॅटनं ती कंपनी विकत घेतली. आज मोठमोठ्या क्लाउड कंपन्यांच्या पोटात हेच केव्हीएम चालतं, आणि सात-आठ वर्षांपूर्वी कचेरीतून निवृत्त झालेल्या एखाद्या चौकोनी डब्यातही.

या निवृत्त डब्यांमुळेच घरगुती सर्व्हर सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी संगणक बदलतात. त्यांचे डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवो थिंकसेंटर टायनी, एचपी एलिटडेस्क मिनी हे वहीएवढे संगणक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या मालाच्या दुकानांत पोचतात. रस्त्याचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावानं दुकान विचारणारा गिऱ्हाईक विरळा. याच बाजारात रॅकमध्ये बसणारे जुने भारी सर्व्हरही मिळतात आणि किंमत ऐकून हौशी माणसाचा जीव खालीवर होतो. तिथे हात आवरावा. असा सर्व्हर काहीही न करता दीडशे वॅट खात असेल तर महिन्याला १०८ युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटांपर्यंतचा दर कमी आहे. म्हणजे पंखा-दिवा लावण्याआधीच तो टप्पा संपला. वहीएवढा संगणक निवांत असताना बारा-पंधरा वॅटवर राहतो. त्याचे महिन्याचे नऊ ते अकरा युनिट. शिवाय भारी सर्व्हरचे पंखे इतके घोंगावतात, की घरातली माणसं दुसऱ्या दिवशीच तो गोठ्याकडे हलवायला सांगतात.

डब्यात काय चढवायचं याबद्दल हौशी मंडळींत गेल्या दोन-तीन वर्षांत बरीच पांगापांग झाली. व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय मोफत मिळायचं म्हणून अनेकांनी ते घरी लावलं होतं. ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर २०२३ मध्ये ती कंपनी घेतली, फेब्रुवारी २०२४ मध्ये मोफत आवृत्ती बंद केली आणि एप्रिल २०२५ मध्ये ती पुन्हा दिली. तोवर बरीच माणसं प्रॉक्समॉक्सकडे निघून गेली होती. व्हिएन्नातल्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर २००८ पासून आहे, डेबियन लिनक्सवर बसतं, केव्हीएम वापरतं आणि त्याचा सगळा कारभार ब्राउझरमधून चालतो. दर वेळी आत शिरताना वर्गणीची आठवण करून देणारी चौकट येते, ती मिटवून पुढे जायचं. ज्याला फक्त चाखून पाहायचं आहे त्यानं रोजच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकावं. दोन्हीकडे पहिली ठेच बहुधा एकच लागते: प्रोसेसरमधली ती सोय बायोसमध्ये बंद असते आणि व्हीएम सुरूच होत नाही.

खरी कसरत वाटपाची. प्रोसेसर वाटून घेता येतो. चार कोअरच्या यंत्रावर आठ-दहा कोअरचं वाटप केलं तरी बिघडत नाही, कारण सगळी बिऱ्हाडं एकाच क्षणी राबत नाहीत. रॅमचं तसं नाही. दिलेली रॅम व्हीएम एकदा वापरू लागली की ती सहजी परत येत नाही, आणि सगळ्यांची बेरीज खऱ्या रॅमच्या वर गेली की लिनक्स कुणाला तरी मारून जागा मोकळी करतं. तो बळी बहुतेक वेळा सर्वांत मोठ्या व्हीएमचा जातो, म्हणजे बहुधा सर्वांत गरजेच्या. सोळा जीबीच्या यंत्रात हिशेब साधारण असा बसतो: यजमानाला, म्हणजे खुद्द प्रॉक्समॉक्सला, दोन, छापखान्याच्या एक्सपीला एक, फाइली ठेवणाऱ्या डेबियनला दोन, चेहरे ओळखून फोटो लावणाऱ्या इमिचला सहा, घरातले दिवे-पंप सांभाळणाऱ्या होम असिस्टंटला दोन आणि जाहिराती अडवणाऱ्या पाय-होलला अर्धा. उरलेले अडीच जीबी कुणालाही देऊ नयेत.

पाय-होलसारख्या लहान कामाला अख्खी व्हीएमही लागत नाही. कंटेनर पुरतो. कंटेनर यजमानाचाच लिनक्स गाभा वापरतो, त्यामुळे तो दोन-तीन सेकंदांत उठतो आणि रॅमही किरकोळ खातो. मात्र गाभा लिनक्सचा असल्यानं त्यात विंडोज चालत नाही. एक्सपीला व्हीएमच हवी.

एक्सपीबद्दल थोडं थांबायला हवं, कारण इथे वाचकाला प्रत्यक्ष उपयोग आहे. प्रतिमा काढून व्हीएममध्ये लावली, की पहिल्याच सुरुवातीला निळा पडदा येण्याची शक्यता दाट असते. जुन्या मदरबोर्डचा डिस्क-कंट्रोलर एक्सपीच्या सवयीचा असतो. इथे तिला वेगळाच दिसतो आणि ती हबकते. व्हर्टिओ नावाचा वेगवान आभासी कंट्रोलर तिला पहिल्या दिवशी दाखवू नये, आयडीई निवडावा. ती उठली, की सावकाश ड्रायव्हर घालता येतात. लोखंड बदललं म्हणून ॲक्टिव्हेशनचा तगादा लागू शकतो, त्यामुळे परवान्याचा कागद शोधून ठेवावा. श्रीलिपी ज्याशिवाय उघडत नाही ते लॉक यूएसबीचं असेल तर प्रॉक्समॉक्समधून तेवढं एकच यूएसबी उपकरण थेट एक्सपीच्या हाती देता येतं. आणखी जुनं, प्रिंटरच्या समांतर पोर्टवर बसणारं लॉक असेल तर काम अवघड होतं. आजच्या लहान संगणकांना ते पोर्टच नसतं. आणि एक्सपीचं नेटवर्क कार्ड काढून टाकावं. २०१४ पासून तिच्या भोकांना नियमित ठिगळ लागलेलं नाही; तिला इंटरनेटवर मोकळं सोडू नये. छापायची फाइल एका आभासी डिस्कमधून बाहेर काढली तरी काम भागतं.

सावित्री नदीच्या खोऱ्यातल्या महाड-पोलादपूरच्या पावसात अशा यंत्राचं काय होतं? या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलैत भिंतीला हात लावला तर ओल हाताला येते. सतत चालू असलेलं यंत्र थोडं गरम राहतं, त्यामुळे त्याच्या अंगावर ओल टिकत नाही. चार महिने गुंडाळून ठेवलेला संगणक गणपतीत उघडला तर रॅमच्या पट्ट्या हिरवट झालेल्या सापडतात. विजेचा धोका मे-जूनच्या आणि ऑक्टोबरच्या वळवाच्या ढगांत जास्त. फायबरची काच वीज वाहत नाही, पण जुन्या घरातून नव्या घरात ओढलेली तांब्याची लॅन-तार वाहते, आणि एका तडाख्यात दोन्ही टोकांची यंत्रं जातात. दोन घरांमध्ये काचच टाकावी आणि घराचं अर्थिंग एकदा वायरमनकडून मोजून घ्यावं.

लाइट जाणं हा तर रोजचा विषय. सर्व्हरला युपीएस हवाच, पण नुसता असून भागत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी त्याची बॅटरी संपणार आहे हे सर्व्हरला कळायला हवं. युपीएसपासून सर्व्हरपर्यंत यूएसबीची तार टाकून नट नावाचं मोफत सॉफ्टवेअर लावलं, की बॅटरी उतरत आल्यावर सगळ्या व्हीएम ओळीनं बंद होतात आणि शेवटी यजमान निजतो. बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सूचना द्यायची आणि कोण आधी उठणार, कोण नंतर हे प्रॉक्समॉक्समध्ये लिहून ठेवायचं. फाइली ठेवणारी व्हीएम उठायच्या आत फोटोंची उठली तर तिला फोटोंचं कपाट रिकामं दिसतं आणि ती खुशाल नवं कपाट मांडून बसते.

आता प्रतींचा प्रश्न. इथे नवखे आणि जुने दोघेही गफलत करतात.

व्हीएमचा मोठा लळा लागतो तो स्नॅपशॉटमुळे. अपडेट टाकण्यापूर्वी एक बटण दाबायचं. बिघडलं तर दुसरं दाबून आधीच्या क्षणी परत यायचं. खऱ्या आयुष्यात नसलेली ही सोय मिळाली, की माणसाला वाटतं आपला माल सुरक्षित आहे. पण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला. दोन डिस्क जोडीनं लावून एकीवरचं दुसरीवर उमटवत राहिलं तरी चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच पुसली जाते, आणि पाणी दोन्ही डिस्कांवर एकाच वेळी चढतं. खरी प्रत वेगळ्या यंत्रावर लागते. ती घेतानाही व्हीएमच्या आतल्या एजंटला क्षणभर लिहिणं थांबवायला सांगावं लागतं, नाहीतर अर्धवट लिहिलेला डेटाबेस प्रतीत येतो. प्रॉक्समॉक्सचं बॅकअपसाठीचं वेगळं सॉफ्टवेअर २०२० मध्ये आलं. ते फाइलीचे तुकडे करतं आणि बदललेले तेवढेच तुकडे पुढे पाठवतं. पहिल्या दिवशी पाचशे जीबी जातात, दुसऱ्या दिवशी कदाचित एकच.

बॅकअप हा पुण्याचा जुना धंदा आहे, हे मराठी वाचकाला फारसं ठाऊक नसतं. व्हेरिटासचं मोठं विकासकेंद्र पुण्यात होतं. त्याच पुण्यात २००८ मध्ये जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रमणी कोथंडरामन यांनी ड्रुवा ही कंपनी काढली. कंपन्यांच्या लॅपटॉपांवरचा आणि सर्व्हरवरचा माल दूर नेऊन सांभाळणं हे तिचं काम. एकच फाइल शंभर जणांकडे असेल तर ती एकदाच साठवायची, ही युक्ती त्यांनी धंद्याच्या केंद्रस्थानी ठेवली. घरच्या डब्यातलं बॅकअप सॉफ्टवेअर आज लहान प्रमाणावर तेच करतं.

पुण्यातल्या कचेरीला दुसरी प्रत कुठे ठेवायची हा खर्चाचा प्रश्न असतो. सावित्रीच्या खोऱ्यात तो भूगोलाचा आहे.

२२ जुलै २०२१. महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सावित्री तिथेच उगम पावते, घाट उतरून पोलादपूरवरून महाडला येते, आणि महाडला तिला गांधारी मिळते. भरतीच्या वेळी खाडी तिचं पाणी उतरू देत नाही. महाडच्या बाजारपेठेत पाणी चढलं, दुकानं बुडाली, फोन बंद पडले, रस्ते तुटले. त्याच दिवशी दुपारनंतर महाड तालुक्यातल्या तळीये गावच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर खाली आला. ऐंशीपेक्षा जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथे त्याच दिवशी दरडी कोसळल्या. बचाव पथकं तळीयेला पोचायला दुसरा दिवस उजाडला, कारण रस्त्यावर पाणी होतं आणि आतली खबर बाहेर यायला फोन चालत नव्हते. सोळा वर्षांपूर्वी, जुलै २००५ मध्ये, याच महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांनी हेच भोगलं होतं.

तळीयेसमोर संगणकाची गोष्ट काढणं थिटं वाटतं, आणि ते थिटंच आहे. पण त्या दिवसाचा क्रम पाहण्यासारखा आहे. पाणी माजघरात येण्याच्या कितीतरी आधी वीज गेली होती, टॉवर बसले होते आणि वाटा बंद झाल्या होत्या. म्हणजे संकट दिसल्यावर घाईनं प्रत बाहेर पाठवू, हा बेत या खोऱ्यात चालणार नाही. पाठवायची वाट सगळ्यात आधी जाते. त्याच पुरात चिपळूणच्या एसटी आगाराचे व्यवस्थापक आगारातली रोकड घेऊन बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले. रोकड पिशवीत मावते. सर्व्हर उचलून टपावर चढायची वेळ कुणावर येऊ नये, आणि प्रत आधीच बाहेर गेलेली असेल तर येतही नाही.

बाहेर म्हणजे किती बाहेर? महाडच्या माणसाची दुसरी प्रत पोलादपूरच्या मेव्हण्याकडे असेल तर कागदावर ती वीसेक किलोमीटर दूर आहे, पण नदी एकच. चिपळूण लांब वाटतं. त्या दिवशी वाशिष्ठीनं चिपळूणही बुडवलं. घाटापलीकडे कोल्हापुरात पंचगंगाही फुगली होती. एकाच पावसाचा पट्टा इतका रुंद असतो, की किलोमीटर मोजून काम होत नाही. प्रत वेगळ्या खोऱ्यात, वेगळ्या वीजवाहिनीवर आणि शक्यतो वरच्या मजल्यावर असावी लागते.

इथे कोकणाला एक जुनी सोय उपलब्ध आहे: चाकरमानी. महाड-पोलादपूरच्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी मुंबईत, नाहीतर सुरत-बडोद्याकडे आहे. काकाच्या डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तसलाच वहीएवढा जुना संगणक एका कपाटावर ठेवला, की दुसरी जागा झाली. पहिली प्रत मात्र तारेवरून पाठवायच्या भानगडीत पडू नये. वर पाठवण्याचा वेग दहा एमबीपीएस असेल तर एका जीबीला साधारण तेरा मिनिटं लागतात. पाचशे जीबीला साडेचार दिवसांच्या वर, तेही लाइट एकदाही न जाता. गणपतीला आलेल्या काकाच्या पिशवीतून डिस्क एसटीनं गेली तर ती एका रात्रीत पोचते. पुढे रोजचे एक-दोन जीबी तारेवरून सुखानं जातात, आणि शिमग्याला काका पुन्हा आला की दुसरी डिस्क बदलीला. म्हणजे फायबर कितीही दिवस बंद राहिलं तरी डोंबिवलीतली प्रत सहा-सात महिन्यांच्या पलीकडची नसते. पिशवी बसमध्ये राहू शकते, म्हणून डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली हवी.

या कुलपाच्या किल्लीवरून मात्र बऱ्याच हुशार माणसांची फजिती होते. ते पासवर्ड सांभाळणारं सॉफ्टवेअरही त्याच सर्व्हरवर व्हीएममध्ये चालवतात आणि बॅकअपची किल्ली त्यात जपून ठेवतात. सर्व्हर बुडाला, की प्रत उघडायची किल्ली प्रतीच्याच पोटात. किल्ली कागदावर छापावी. एक कागद काकाकडे, एक बँकेच्या लॉकरमध्ये. तोही महाडच्या तळमजल्यावरच्या बँकेत नको.

महाड आणि डोंबिवली यांच्यामधल्या तारेचीही एक अडचण आहे. आजच्या बहुतेक मोबाइल आणि घरगुती जोडण्यांवर जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता शेकडो गिऱ्हाइकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून घरच्या यंत्राचं दार ठोठावता येत नाही. दोन्ही टोकांना आयपीव्ही६ असेल तर वायरगार्डचा बोगदा थेट बांधता येतो. मार्च २०२० पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे. नसेल तर टेलस्केलसारखी सेवा दोन्ही यंत्रांची मध्यस्थी करते. प्रॉक्समॉक्सचं आठ हजार सहा क्रमांकाचं पान राउटरमधून थेट इंटरनेटवर उघडं करणं हा तिसरा मार्गही लोक वापरतात, आणि काही महिन्यांत त्यांच्या व्हीएमवर दुसऱ्याच कुणाचा कारभार सुरू झालेला असतो.

मग दूर पाठवायचं काय? सगळं नाही. पाय-होल अर्ध्या तासात नव्यानं उभं राहतं. सातबाऱ्याचा उतारा स्कॅन करून ठेवलेला असला तर बरंच, पण मूळ नोंद सरकारकडे आहे आणि २०१८च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल सही असलेला उतारा ऑनलाइन मिळतो. रेशनकार्ड, आधार, बँकेची पुस्तकं यांची दुसरी प्रत हेलपाटे घालून का होईना, निघते. आजीचा आवाज, ढोल-सनईचं जुनं रेकॉर्डिंग, घर बांधतानाचे फोटो, छापखान्यातली वीस वर्षांची अक्षरजुळणी यांची दुसरी प्रत कुठल्याच कचेरीत नसते. दूरच्या डिस्कवरची पहिली जागा त्यांची. मग दुकानाचे हिशेब. चित्रपटांचा साठा अगदी शेवटी, आणि खरं तर नकोच.

प्रत आहे आणि ती उघडते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, एक रविवार काढून डोंबिवलीच्या यंत्रावर एखादी व्हीएम प्रतीतून उठवून पाहावी: किती वेळ लागला, फाइली शेवटच्या कुठल्या तारखेच्या निघाल्या, पेजमेकर उघडलं का, मराठी मराठीच दिसतं का. मुद्दाम काकाच्या हातून करून घ्यावं, शेजारी बसून, पण माउसला हात न लावता. सूचनांच्या कागदात काय राहून गेलं आहे ते त्यातून कळतं.

या रविवारी हमखास आडवा येणारा प्रश्न नेटवर्क पत्त्याचा असतो. महाडच्या घराचा राउटर आणि डोंबिवलीचा राउटर दोन्ही कंपनीतून आले तसेच, १९२.१६८.१ या मालिकेवर ठेवलेले असतात. बोगदा बांधला की एकाच पत्त्याची दोन यंत्रं दोन्ही टोकांना दिसू लागतात. काकाचा प्रिंटर महाडच्या फाइल-सर्व्हरचा पत्ता घेऊन बसतो आणि प्रती कुठे जातात ते कुणालाच उमगत नाही. महाडच्या घराला पहिल्याच दिवशी १९२.१६८.५० वगैरे वेगळी मालिका द्यावी. तेव्हा ते पाच मिनिटांचं काम असतं. दहा व्हीएम, दोन कॅमेरे आणि पंपाचं स्विच त्यावर बसल्यानंतर त्याला अख्खा रविवार जातो आणि संध्याकाळपर्यंत घरातला एक तरी दिवा मोबाइलवरून पेटत नाही.